हरणीची धाव, घरच्यांची हाक: शिकारी ओढीतून लक्ष घडवण्याचं एक प्रकरण

कुत्री आणि घर

हरणी ही मुधोळ जातीची, म्हणजे आपल्याकडे जिला कारवानी म्हणतात त्या जातीची, दीड वर्षांची कुत्री. रंग फिकट पिवळसर, छाती खोल, पोट आत गेलेलं, पाय लांबसडक. डिचोली तालुक्यातल्या एका गावात, मळ्याच्या काठावरच्या घरात ती राहते. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सातवीतला नातू. कुटुंब मूळचं दोडामार्गकडचं, दोन पिढ्या गोव्यात रुजलेलं. मुलगा औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, सून शाळेत शिक्षिका. त्यामुळे कुत्रीला फिरवणं आपोआपच आजी आणि नातू यांच्यावर आलं होतं.

कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करणारी म्हणून मला बोलावणं आलं ते आजी पडल्यामुळे. संध्याकाळी बांधावरून जाताना समोरच्या चिखलातून बगळे उठले, हरणीने झेप घेतली, पट्टा आजींच्या मनगटाला गुंडाळलेला होता. खांदा मुरगळला, हाड मोडलं नाही हे नशीब. त्याआधी शेजारच्या दोन कोंबड्या तिने मारल्या होत्या आणि एकदा काजूच्या डोंगराच्या बाजूने उतरलेल्या मोराच्या मागे ती सुटली होती. मोर हाती लागला नाही, पण घरच्यांची झोप उडाली. मोर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. पाळलेल्या कुत्र्याने तो मारला तर प्रकरण शेजाऱ्याची समजूत काढून मिटणारं नाही.

मुलाने फोनवर सांगितलं ते असं: "ताई, घरात ही इतकी गुणी आहे. बस म्हटलं की बसते, पाय दे म्हटलं की देते. बाहेर गेली की आम्ही कोण हेच तिला माहीत नसतं." आजींचं म्हणणं त्याहून थेट होतं. "अगो, बगळा दिसला की हिचे कानच जातात."

याआधी एका प्रशिक्षकाने त्यांना विजेचा झटका देणारा पट्टा दिला होता. पाठलाग सुरू झाला की बटण दाबायचं. हरणी ओरडायची, आणि तरी धावायची. काही दिवसांनी तिच्या मानेकडे कुणीही हात नेला की ती मागे सरकायला लागली आणि शेजारचं वासरू दिसलं की शेपूट पोटाखाली घालायला लागली, कारण एकदा झटका बसला तेव्हा तिच्या नजरेसमोर बगळा नव्हता, वासरू होतं. या उपायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाठलागाच्या ऐन भरात असलेल्या कुत्र्याला वेदना कमी जाणवते. जी जाणवते ती नेमकी कशाला चिकटेल यावर माणसाचा ताबा नसतो. आणि पाठलाग हेच बक्षीस असल्यामुळे झटका सोसूनही सौदा कुत्र्याच्या फायद्याचाच राहतो. तो पट्टा मी पहिल्याच भेटीत काढून ठेवायला सांगितला.

तोंडात ठेवलेलं चिकन

कामाला हात घालण्याआधी तिला पशुवैद्याकडे नेऊन आणलं. आपल्या हवेत गोचीड-ताप फार, आणि तो अंगात असलेलं कुत्रं चिडखोर किंवा सुस्त होतं. रक्ततपासणी केल्याशिवाय वागणुकीवर मत देणं मला पटत नाही. रक्त स्वच्छ निघालं, सांधे ठीक होते, वाढ पूर्ण झालेली होती. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, त्याचं कारण पुढे येईल.

मग मी तिला नुसतं पाहिलं. ओसरीवर उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवला की तिचे डोळे हातावरून हलत नव्हते. तोच तुकडा घेऊन आम्ही बांधावर गेलो. दूर एक बगळा उडाला. मी तुकडा तिच्या ओठांशी नेला, जवळजवळ तोंडात ठेवला, आणि तिने तो जिभेने बाहेर ढकलून दिला. मान वळवली नाही, वासही घेतला नाही. घरच्यांच्या लेखी हा हट्टीपणा होता. मला तो सगळ्या प्रकरणाचा धागा वाटला.

रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या शिकारीचे टप्पे एकामागून एक मांडून दाखवले आहेत: दिशा घेणं, रोखून पाहणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, ठार मारणारा चावा, फाडणं, आणि सगळ्यात शेवटी खाणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीतले काही टप्पे ठळक केले, काही पुसट केले. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत रोखून पाहणं आणि दबकणं टोकाला गेलं, लॅब्राडोरमध्ये पकड मऊ झाली. कारवानीत दबकणं जवळजवळ नाहीच. दिशा घेतली की थेट धाव. आणि खाणं या साखळीच्या अगदी शेपटाला. धावीच्या तोंडावर उभ्या असलेल्या हरणीला चिकन देणं म्हणजे तिला जे सगळ्यात शेवटी हवं ते सगळ्यात आधी देणं. ती ते नाकारणारच.

याला पुस्तकी भाषेत प्रे ड्राइव्ह म्हणतात. मी घरच्यांशी बोलताना शिकारी ओढ म्हणते. ही ओढ भुकेतून येत नाही. पोटभर जेवलेली हरणीही बगळ्यामागे तितक्याच जोराने धावते. जॅक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांच्या मेंदूत शोध घेण्याची, मागे लागण्याची एक वेगळी यंत्रणा असल्याचं मांडलं, आणि तिच्या केंद्रस्थानी डोपामिन हे मेंदूतलं रसायन आहे. त्या यंत्रणेला मिळवण्यापेक्षा मागे लागण्यात रस असतो.

हरणीचे डोळेही त्याच कामासाठी घडलेले. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर संवेदनशील पेशींचा आडवा पट्टा असतो, आखूड नाकाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी गोळा झालेल्या असतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये हे दाखवलं. म्हणजे क्षितिजाच्या रेषेवर काही हललं की कारवानीला ते आधी दिसतं. दख्खनच्या माळरानावर ससा आणि हरिण धावून धरण्यासाठी हे कुत्रं घडलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने ही जात जपली, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. माळावर दूरपर्यंत नजर पोचते, कुत्रं धावून पुन्हा नजरेत येतं. गोव्यातला मळा तसा नाही. चार बांध ओलांडले की व्हाळ म्हणजे ओढा, पलीकडे कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, त्याच्या मागे रस्ता. इथे हरणी वीस सेकंदांत दिसेनाशी होते आणि तिची शिकारही. मग ती ज्या दिशेला शेवटचं दिसलं त्या दिशेला धावत राहते. अशी कुत्री गोव्यात सांभाळायची तर धावीच्या आधीचा क्षण हाती लागलाच पाहिजे.

तो क्षण कसा दिसतो हे मी नातवाला शोधायला सांगितलं. दोन दिवस तो वही घेऊन ओसरीवर बसला. त्याने लिहून दिलं: "आधी तोंड मिटतं." बरोबर. धापणारं, जीभ बाहेर असलेलं तोंड एकदम बंद होतं, कान पुढे येतात, पुढचा एक पाय उचलला जातो, शेपूट ताठ होते. त्यानंतर दोनतीन सेकंद, आणि मग ती सुटते. माझं सगळं काम त्या दोनतीन सेकंदांत बसवायचं होतं.

आधी परवचा

डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक नियम मांडला: जे वर्तन प्राण्याला जास्त करावंसं वाटतं, ते कमी करावंसं वाटणाऱ्या वर्तनाचं बक्षीस होऊ शकतं. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी परवचा, मग खेळ." तसंच. हरणीला धावायचं आहे ना, मग धाव हीच तिची मजुरी. फक्त तिचं दार आमच्याकडून उघडेल. शिकार जिवंत व्हायची असेल तर आधी माणसाकडे बघावं लागेल.

धाव दडपून लक्ष मिळवण्याचा प्रयत्न बहुतेक घरी होतो, आणि माझ्या पाहण्यात तो क्वचितच टिकतो. ओढ जितकी मोठी तितकं लक्ष घडवायचं भांडवल मोठं, या बाजूने पाहिलं की कुत्र्याकडे पाहण्याची घरच्यांची नजरच बदलते. आजींच्या मुलाला, म्हणजे हरणीच्या मालकाला, हे पहिल्यांदा पटलं नाही. "आधीच धावते, तिला आणखी धावायला शिकवायचं?" ही शंका रास्त आहे. नियमाविना पाठलागाचे खेळ खेळले तर ओढ खरोखरच बेफाम होते. नियम कुठे येतो ते महत्त्वाचं.

त्याआधी एक रुक्ष पण आवश्यक गोष्ट: जुनी सवय रोज घोटली जाणं थांबवलं. मळ्यातलं फिरणं बंद, फिरायला गावातला रस्ता आणि देवळाची बाजू. गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस आणि त्याला दहा मीटरची दोरी, कारण पूर्ण वेगातल्या कुत्र्याला मानेला हिसका बसला तर इजा होते. पट्टा मनगटाला गुंडाळणं कायमचं बंद. शेजाऱ्यांना कोंबड्यांची भरपाई दिली आणि मधलं कुंपण झावळ्यांनी पुरतं झाकून घेतलं, दिसणारच नाही असं. न दिसणाऱ्या कोंबडीचा मोह कारवानीला कमी.

काठी, दोरी, निळं कापड

साधन घरीच केलं. दीड मीटर लांब हलका बांबू, त्याला दोन मीटर नायलॉनची दोरी, मधे हिसका पचवायला लवचीक रबरी दोरीचा तुकडा, टोकाला कापडाच्या पट्ट्यांची जुडी. दोरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली. कापड म्हणून आजींनी लाल लुगड्याचा तुकडा काढला होता. मी निळा मागितला. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट कळतात, लाल त्याला हिरव्या गवतात मळकट दिसतो. हे १९८९ पासून प्रयोगाने माहीत आहे. कापणी झालेल्या शेतात निळी पट्टी तिला लख्ख दिसणार होती.

सुरुवात झाली ती सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झाल्यावर. कापलेलं शेत ही या कामाची उत्तम जागा: जमीन मऊ, पाय घसरत नाहीत. घरच्या फरशीवर किंवा चिऱ्याच्या अंगणात हा खेळ खेळू नये, वळताना सांधे आणि पंजे दुखावतात. ज्या कुत्र्याची हाडं अजून वाढत आहेत त्याच्याशी तर वेगवान वळणं आणि उड्या टाळाव्यात. मोठ्या, लांब पायांच्या जातींत ही वाढ दीड वर्षापर्यंत चालू शकते. कापड कायम जमिनीलगत फिरवायचं, मोठ्या गोलाकारात.

कापड कसं हलवायचं यात अर्धं यश आहे. नातू पहिल्यांदा ते हरणीच्या तोंडासमोर नाचवत होता आणि ती मागे सरत होती. कुठलीही शिकार शिकाऱ्याच्या तोंडावर चालून येत नाही. ती दूर पळते, थबकते, थरथरते, पुन्हा पळते. तो जेव्हा कापड तिच्यापासून दूर, तुटक तुटक नेऊ लागला तेव्हा ती पहिल्या खेपेला त्यावर पडली. पहिले काही दिवस तिला फक्त जिंकू दिलं. धावावं, पकडावं, ओढाताण करावी, तोंडात घेऊन मिरवावं. झटक्याच्या पट्ट्याने तिच्या मनात माणसाजवळच्या पाठलागाबद्दल जी धास्ती घातली होती, ती अशी निघून गेली. या पायरीवर घाई करणारे लोक पुढे अडकतात, असं मला पुन्हापुन्हा दिसलं आहे.

मग "सोड". तोंडातून कापड हिसकावायचं नाही, कारण हिसकावलं की पकड घट्ट होते. ओढाताण चालू असताना मी कापड गुडघ्याशी धरून निश्चल उभी राहायचे. शिकार मेली. मेलेल्या शिकारीत हरणीला काही वेळाने रस राहत नसे, जबडा सैल पडे. तो सैल पडला त्याच क्षणी कापड पुन्हा पळे. थोड्या दिवसांत "सोड" म्हटलं की ती सोडून दोन पावलं मागे होऊन उभी राहू लागली, कारण सोडणं हीच पुढच्या धावीची सुरुवात झाली होती.

आता मुख्य गोष्ट. कापड जमिनीवर निश्चल. हरणी दोरीवर, समोर. आम्ही गप्प. नाव घेतलं नाही, चुटकी वाजवली नाही, पट्टा ओढला नाही. ती कापडाकडे टक लावून पाहत राहिली. पुढे झेपावली तर कापड उचललं जाई, मागे आली की पुन्हा जमिनीवर. पहिल्या दिवशी हे फार वेळ चाललं. नातू कुजबुजला, "मावशी, ती माझ्याकडे बघणारच नाही." त्याच वेळी तिचा एक कान त्याच्या आवाजाकडे वळला. कानामागून डोळे आले. क्षणभरच. मी "हां!" म्हटलं आणि कापड सुटलं.

तो "हां" फार मोलाचा. नेमक्या कोणत्या क्षणाची मजुरी मिळते आहे हे तिला त्यावरून कळतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की बक्षिसाची खूण एकदा कळली की डोपामिनच्या पेशी बक्षिसाच्या वेळी चेतत नाहीत, खुणेच्या वेळी चेततात. हरणीत ते डोळ्यांनी पाहता आलं. आधी नजर चोरटी, मग लांब, आणि मग असा दिवस आला की कापड जमिनीला टेकायच्या आत ती मान वळवून नातवाच्या डोळ्यांत पाहत उभी होती, अंग थरथरत, तोंड मिटलेलं, पण नजर त्याच्यावर. शिकारीसाठीची ती सगळी एकाग्रता माणसाच्या चेहऱ्यावर रोखलेली. चिकन दाखवून मिळणारं लक्ष आणि हे लक्ष यांची जात वेगळी आहे. ज्याने पाहिलं आहे त्याला पटवावं लागत नाही.

यानंतर पायऱ्या वाढवल्या: कापड हलत असताना बघणं, बघून बसणं, कापडाकडे पाठ करून आमच्याकडे येणं. "ये" ही हाक शिकवताना दोन काठ्या वापरल्या. एक तिच्यासमोर मरून पडलेली, दुसरी हाक मारणाऱ्याच्या पाठीमागे लपवलेली. "ये" म्हणून नातू उलट दिशेला पळत सुटे आणि त्याच्या मागे निळं कापड. शिकार माणसाच्या दिशेलाच असते, हा हिशेब तिच्या डोक्यात बसला.

तापमान, दोन्ही अर्थांनी

उत्साह एका मर्यादेपर्यंत लक्ष वाढवतो, त्यापुढे तो लक्ष मोडतो. नातू "धर, धर!" ओरडू लागला की हरणी भुंकू लागे, बस म्हटलेलं तिला ऐकू येत नसे, एकदा तिने कापडाऐवजी त्याच्या शर्टाची बाही धरली. ही खूण ओळखून लगेच थांबायचं. त्याला मी हळू आवाजात बोलायला लावलं. मोजक्याच धावा व्हायच्या आणि शेवटी तिला कापड तोंडात घेऊन घरी चालू द्यायचं. अंगणाच्या कडेच्या गवतात मूठभर खाद्य विखरायचं. नाक खाली घालून हुंगत शोधणं कुत्र्याला शांत करतं, आणि साखळीचा शेवटचा टप्पा, खाणं, आपल्या जागी येतो. काठी मग कपाटात. ती ओसरीवर लोळत पडली तर तिची किंमत जाते.

दुसरं तापमान हवेचं. कुत्रं धापून थंड होतं आणि दमट हवेत धापण्याचा उपयोग कमी होतो. त्यामुळे सगळं काम पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू यायच्या सुमारास, उन्हं यायच्या आत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ते ४१च्या वर गेलं तर जिवावर बेततं. जीभ रुंद होऊन टोकाशी वळली, थुंकी चिकट झाली की खेळ बंद, सावली, पोटावर आणि पंजांवर पाणी.

मधेच दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या काकांनी तिला मोबाइलच्या बॅटरीचा उजेड भिंतीवर नाचवून पळवलं. सगळ्यांना मजा वाटली. चारच दिवसांत ती ताटाच्या चकाकीमागे भिंत खरवडू लागली. उजेड कधी पकडता येत नाही. पाठलाग सुरू होतो आणि त्याला शेवट नसतो, आणि काही कुत्र्यांत त्याचं वेड बनतं. लेझरच्या ठिपक्याचंही तेच. खेळ ताबडतोब बंद केला, आजींनी काही दिवस स्टीलची ताटं उन्हाच्या रेषेतून हलवली, आणि ते तिथेच विरलं. पिल्लू असताना हे रुजलं असतं तर इतक्या सहज गेलं नसतं.

टिलरचा आठवडा

शेतात कापडाशी जमलं म्हणजे बगळ्याशी जमेल असं नाही. बाहेरचं काम अंतर मोजून सुरू केलं. देवळाच्या तळीच्या बांधावरून मळा सुमारे दोनशे पावलांवर दिसतो. तिथून बगळे पांढरे ठिपके. हरणीचं तोंड मिटे, दोरी सैल, आम्ही गप्प. ती मागे वळून पाही. "हां!" आणि कापड उलट दिशेला. हळूहळू बगळा दिसणं हीच मागे वळून पाहण्याची खूण बनू लागली. दोनशेवरून दीडशे, शंभर, ऐंशी.

आणि मग वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, नांगरणी आली. पॉवर टिलर चिखलात फिरू लागला की त्याच्या मागे बगळ्यांची झुंबड उडते, किडे-बेडूक वर येतात म्हणून. हरणीच्या दृष्टीने क्षितिज फुटलं. ऐंशी पावलांवर सोडाच, तळीवरूनही तिला मान वळवता येईना. एका झेपेत दोरी मुलाच्या तळव्यातून सरकली आणि कातडं सोललं. मुलाचं म्हणणं, इतकं शिकवलं त्याचा काय उपयोग. त्याची निराशा मला समजत होती, पण तिच्या बाजूने पाहिलं तर एका बगळ्याचा अभ्यास करणाऱ्या मुलीसमोर शंभर बगळ्यांचा पेपर ठेवला गेला होता.

मळा पूर्ण सोडला. दोरी धरताना जाड हातमोजे सक्तीचे केले. केळीच्या बागेआडून, जिथून टिलरचा आवाज येतो पण बगळे पानांच्या फटीतून अधूनमधूनच दिसतात, तिथे काम सुरू ठेवलं. दिसलं, वळली, "हां", धाव. पुन्हा आड. लावणी होऊन मळा शांत झाला तोवर ती पानांच्या कडेला उभी राहून उघड्यावरच्या बगळ्यांकडे पाहू शकत होती, आणि मग आमच्याकडे. त्या आठवड्याने अंतराचा हिशेब मागे नेला खरा, पण घरच्यांना एक गोष्ट पक्की समजली: अंतर कमी करायचं की वाढवायचं हे कुत्री सांगते, आपलं वेळापत्रक नाही.

याच काळात एक गैरसमज दूर झाला. गावातल्या मोकाट कुत्र्यांवर ती उसळते तीही शिकारी ओढच, असं घरचे धरून चालले होते. ती ओढ नव्हती. शिकारीच्या वेळी हरणी मुकी असते, अंग पुढे झुकलेलं. कुत्र्यांसमोर ती भुंकते, पाठीवरचे केस उभे राहतात, वजन मागच्या पायांवर. ती भीती आहे. भीतीच्या जागी काठी-दोरीचा खेळ आणला तर भीती आणि उत्तेजना यांची खिचडी होते. तिथे फक्त अंतर, खाणं आणि वेळ. ज्या कुत्र्याचं उसळणं भीतीतून येतं, किंवा जे माणसाला चावलं आहे, त्याच्यावर ही पद्धत कुणी वाचून परस्पर वापरू नये.

मोर, कोंबड्या आणि जिथे थांबलो ते

शिगम्याच्या सुमारास मोजमाप केलं. आजी तिला साध्या पट्ट्यावर बांधावरून नेऊ शकतात. चाळीस पावलांवर बगळा उडाला की ती थबकते, तोंड मिटतं, आणि बहुतेक वेळा मान वळते. आजींना काठी फिरवणं जमत नाही, म्हणून त्यांच्या पिशवीत निळ्या कापडाची एक जुडी असते. "हां" म्हणून ती हातात देतात आणि हरणी ती तोंडात घेऊन रुबाबात पुढे चालते. दहा मीटरच्या दोरीवर नातवाच्या "ये" हाकेला ती धावत येते, पक्षी समोर असतानाही.

जे साधलं नाही तेही तितकंच ठामपणे लिहायला हवं. धाव एकदा सुरू झाल्यावर तिला परत फिरवता येत नाही. हाक लागू पडते ती सुटण्याआधीच्या त्या दोनतीन सेकंदांत. मोरासमोर तर तीही खात्री नाही, कारण मोर उडण्याआधी जमिनीवरून धावतो, आणि जमिनीवरून पळणारं मोठं काही यासारखं आमिष कारवानीला दुसरं नाही. म्हणून काजूच्या डोंगराच्या बाजूला ती कधीच मोकळी सुटत नाही, दोरीशिवाय नाहीच. कोंबड्यांच्या बाबतीत मी प्रयत्नच केला नाही. ज्या कुत्रीने दोनदा पकड ते ठार मारणं हे टप्पे पूर्ण केले आहेत, तिच्यासाठी कुंपण हेच उत्तर. शिकारी जातीच्या कुत्र्याला कुठेही, कशासमोरही मोकळं सोडता येईल अशी हमी कुणी देत असेल तर ती घेऊ नये, असं मी घरच्यांना सांगितलं आणि इथेही सांगते. तिला पूर्ण वेगाने धावायला मिळावं म्हणून आता नात्यातल्या एकांच्या बंदिस्त बागायतीत आठवड्यातून एकदा तिला नेतात.

मानेला हात लावू देणं जवळजवळ पूर्ववत झालं आहे. अनोळखी माणसाचा हात वरून आला तर अजून मागे सरते. त्यावर काम चालू आहे.

आता पाऊस आहे. मळ्यात पाणी, आणि साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका, म्हणून लस घेऊनही शेतातला खेळ बंद ठेवला आहे. नातू घरातच निळं कापड लपवतो, तांदळाच्या पिंपामागे, चटईखाली, आजींच्या पदराआड. हरणीला आधी बसून त्याच्याकडे पाहावं लागतं, मग शोधायची परवानगी. कारवानी नाकापेक्षा डोळ्यांवर चालणारं कुत्रं, त्यामुळे हे तिला जड जातं आणि लवकर दमवतं. पुढच्या कापणीपर्यंत हेच चालेल. त्यानंतर तळीच्या बांधावरून, पुन्हा दोनशे पावलांपासून सुरू करायचं ठरलं आहे, आणि या खेपेला नांगरणीच्या दिवसांची चौकशी शेतकऱ्यांकडे आधीच करून ठेवायची आहे.